गुरुवारचं प्रस्थान

हेर्त्सोगेनआउराख
७ ऑगस्ट २०२६

ताई,

'तीर्थरूप' वगैरे लिहिणार होते, पण तू म्हणशील, काम पडलं की हिला मान द्यायचं सुचतं. काम पडलंच आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, अप्पांचा फोनही तुझ्याच ताब्यात, आणि भावजींनी माझे दोन मेसेज वाचून तसेच सोडून दिले. मग राहिला कागद. पोस्टातली बाई म्हणाली, भारतात पोचायला दहा दिवस लागतात, कधी चौदा. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी एकदा वाच.

पहिलं म्हणजे, मी लग्न केलं. ६ जुलैला, डेन्मार्कमध्ये, उत्कर्षशी. तो इथल्या एका मोठ्या कंपनीत मशीन डिझाइन करतो, अकरा वर्षं इथेच आहे, आता त्याचा पासपोर्टही जर्मन आहे. जर्मनीत लग्न करायचं तर कागद जमवण्यात वर्ष जातं, म्हणून इथली आपली बरीच मंडळी डेन्मार्कला जाऊन सह्या करून येतात. मुंडावळ्या नाहीत, अंतरपाट नाही. परत येताना ट्रेनमध्ये चीज घातलेला ब्रेड खाल्ला, हीच पंगत.

दुसरं, कामाचं. मी आले पाहुणी म्हणून, व्हिजिटर व्हिसावर. लग्न इथे आल्यावर ठरून झालं, तर परत न जाता इथेच राहण्याचा परवाना मागता येतो. पण आत आलात ते कायदेशीर आलात, हे दाखवावं लागतं. माझा व्हिसा २० मेपासून सुरू होत होता आणि मी उतरले २३ मेच्या शनिवारी. यात दाखवायचं ते काय, असं मलाही वाटलं होतं.

हल्ली पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. कॅमेऱ्यापुढे उभं करतात, काचेवर बोटं टेकवायला लावतात आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. ४ ऑगस्टला परदेशी लोकांच्या ऑफिसात गेलो, आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात त्याला. तिथल्या बाईने, फ्राऊ लिंडनरने, कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाली, "तुमची नोंद १४ मेची आहे. सकाळी चार वाजून दहा मिनिटं. २३ मेची नोंदच नाही." १४ तारखेला माझा व्हिसा सुरूच झाला नव्हता. म्हणजे मी बेकायदा आले.

मी म्हटलं, चूक आहे. ती म्हणाली, असेल, सिद्ध करा. ३० सप्टेंबरपर्यंतचा एक तात्पुरता कागद दिलाय. तोवर जमलं नाही तर अर्ज फेटाळणार, देश सोडा म्हणणार, आणि एकदा ठपका बसला की पुन्हा व्हिसा कधी मिळेल याचा भरवसा नाही. उत्कर्ष इथे आणि मी तिथे, लग्न कागदावर.

म्हणून तू एक प्रतिज्ञापत्र करून पाठव, नोटरीच्या शिक्क्यासकट. 'माझी धाकटी बहीण ईप्सिता १४ ते २२ मे या काळात सांगलीत वडिलांच्या घरी होती', बस, एवढंच. यात खोटं काय आहे? तूच रोज डबा घेऊन येत होतीस ना?

१४ मे म्हटल्यावर तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या तिथे खुर्चीतच आलं, पण त्या बाईला काय सांगू, त्या दिवशी आमच्या अप्पांनी माझं प्रस्थान ठेवलं म्हणून? उत्कर्षलाही ते काय असतं ठाऊक नव्हतं, पुण्याचा ना! त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. १७ मेला अधिक महिना लागत होता, त्यात निघायचं नाही, आणि तिकीट तर २२ चं. मग अप्पांनी पंचांगातून गुरुवार १४, सकाळी सात चाळीसचा मुहूर्त काढला. त्या वेळी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. पुढे खरोखर निघताना ती उचलून घ्यायची आणि मग वाटेला लागायचं. माझ्या हिरव्या ओढणीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि पासपोर्टची झेरॉक्स बांधून अप्पा काठी टेकत तुझ्या घरी आले. अर्धांगानंतर पहिल्यांदाच त्यांनी रस्ता ओलांडला. झेरॉक्स कशाला म्हटलं, तर तोंड वाकडं करत म्हणाले, "कोण निघालंय, कळायला नको?" तीस वर्षं एसटीच्या गाड्या सोडल्या त्या माणसाने. सुटायची वेळ चुकवणार नाही.

उत्कर्ष हसला. मग म्हणाला, "सात चाळीस म्हणजे इथले किती?" उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचा फरक असतो. तूच मोज.

गाठोडं तुझ्या देवघरात असेल. निघताना घाईत उचलायचं राहिलं.

तुझी,
ईपू


२२ ऑगस्ट २०२६

ताई,

उत्तर नाही म्हणजे राग आहे, आणि राग आहे म्हणजे पत्र वाचलंस. तेवढं पुरे.

विमान कंपनीचं उत्तर आलं. म्हणतात, तुमचं चेक-इन झालं, बॅग विमानात चढली, पण गेटवर तुमचा पास स्कॅन झाल्याची नोंद नाही, तेव्हा तुम्ही विमानात बसलात असं आम्ही लिहून देऊ शकत नाही. वा रे वा! बॅग गेली आणि मी नाही. मग आठ-नऊ तास त्या घोरणाऱ्या काकांच्या शेजारी कोण अंग चोरून बसलं होतं? काकांचं नावही मला ठाऊक नाही. फोनमधला पास ॲपने परस्पर काढून टाकला. फोटो काढून ठेवायची अक्कल मला नव्हती.

मग उत्कर्ष म्हणाला, शेजाऱ्यांचं लेखी घेऊ. खालच्या मजल्यावर फ्राऊ केस्लर राहतात, एक्क्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. काच आणि कागद एका डब्यात टाकलं तर दाराला चिठ्ठी लावणाऱ्या. अशा बाईची साक्ष कोण नाकारेल? त्या आनंदाने तयार झाल्या. आपल्या अक्षरात लिहून, सही ठोकून, पाकीट बंद करून हातात दिलं. बरं झालं मी ते आधी घरी उघडलं.

त्यात लिहिलंय की ईप्सिता मे महिन्याच्या मध्यापासून इथे राहतात आणि हिमेलफार्टच्या सुट्टीच्या सकाळी त्यांनी माझ्या बागेतल्या खुर्च्या तळघरातून वर आणून दिल्या. हिमेलफार्ट म्हणजे येशू स्वर्गात गेला तो दिवस. यंदा तो गुरुवारी, १४ मेला होता.

मी तशीच खाली गेले. माझं जर्मन भांडणापुरतं पुरतं. हो, तुला टाइमपास म्हणून सांगितलेला तो ऑनलाइन क्लास टाइमपास नव्हता, बायको म्हणून राहायला ती परीक्षा लागते. मी म्हटलं, तुमचा दिवस चुकतोय. त्या भडकल्या. "चुकेल कसा? दुकानं बंद होती. त्या दिवशी इथे पुरुषमंडळी हातगाडीवर बिअर घेऊन गात फिरतात. ते ओरडत गेले आणि मी मागे वळून बघते तर जिन्यात तुम्ही. अनवाणी, गळ्यात हिरवं कापड. म्हणालात, मी भारतातून आले, उत्कर्षकडे. तो आखनला मित्राकडे गेला होता, झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. मी दिली."

मी विचारलं, "ती कुठल्या भाषेत बोलली?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाल्या, "आता आठवायला गेले तर कळत नाही. पण मला सगळं समजलं होतं."

आणि मला आठवलं, मी २३ तारखेला बॅग ओढत जिना चढत होते, तेव्हा याच बाई दार उघडून हसल्या होत्या आणि 'आलात का परत' असं काहीतरी म्हणाल्या होत्या. मला वाटलं, आपल्याला भाषा नीट कळली नाही. ताई, माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो.

ते पत्र मी ऑफिसात दिलं नाही. फाडायला गेले तर हात होईना, म्हणून कपाटात ठेवलंय. तू एवढंच बघून सांग, गाठोडं जागेवर आहे का? आणि प्रतिज्ञापत्र.

ईपू


६ सप्टेंबर २०२६

ताई,

आधी एक खरं सांगते, मग बाकीचं. गाठोडं घाईत राहिलं नव्हतं. टॅक्सी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली होती मी. ड्रायव्हरने काच खाली केली, तुझ्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली. पण तुझ्या दारात आले असते तर तू विचारलं असतंस, 'परत कधी?' अप्पांना मी तीन आठवडे सांगितले होते. त्यांच्या तोंडावर जमलं, तुझ्या तोंडावर जमलं नसतं. ड्रायव्हरला म्हटलं, चला.

आमचं लग्न फेब्रुवारीतच ठरलं होतं. फ्राऊ लिंडनरला मी सांगितलंय की इथे आल्यावर ठरलं. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

परवा तिने पुन्हा बोलावलं. १४ मेच्या नोंदीतला फोटो मागवला होता. स्क्रीन माझ्याकडे वळवला. मीच होते, ताई. केस मधोमध भांग पाडून विंचरलेले, मी चार वर्षांत कधी पाडला नाही तसा. कपाळाला कुंकू. गळ्यात हिरवी ओढणी. तोंडावर हसू, अप्पा औषध न कुरकुरता घ्यायचे तेव्हा मी हसायचे ना, तसं. मला एकदम रडू फुटलं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं, "या तुम्हीच का?" मी म्हटलं, मला वेळ द्या.

फ्राऊ लिंडनरलाही ते विचित्र वाटत होतं, असं दिसलं. म्हणाली, त्या वेळी विमानतळावर एकही विमान उतरलेलं नाही. कोणत्या खिडकीवर नोंद झाली तो रकाना रिकामा आहे. असं तिने याआधी पाहिलेलं नाही.

उत्कर्ष बरोबर होता. घरी आल्यावर म्हणाला, "एक सांगायचं राहिलं." हे 'राहिलं' म्हणजे माझ्यासारखंच राहिलेलं. तो आखनहून १७ तारखेला रविवारी परतला, तर गॅसवर आमटी-भात तयार. त्याला वाटलं, गावातल्या त्याच्या मित्राची बायको, मीनल, ठेवून गेली असेल. सोमवारी पुन्हा. मंगळवारी पुन्हा, शिवाय शर्टांच्या घड्या.

"मीनलला विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"बरं वाटत होतं गं. अकरा वर्षांत कोणी घरी वाट बघत नव्हतं." मग खाली मान घालून म्हणाला, "गुरुवारी मी आलो तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी गुणगुणत होतं. मी बाहेरूनच विचारलं, ईप्सिता? आतून आवाज आला, हो, आले. मी आत गेलो नाही. बाहेर जाऊन तासभर नदीकाठी बसलो. शनिवारी तू आलीस आणि मी ठरवलं, तूच होतीस."

मी विचारलं, आमटी कशी होती? माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

"छान होती. फक्त मीठ अगदीच कमी."

ताई, चार वर्षं बिनमिठाचा स्वयंपाक केला मी अप्पांच्या बीपीसाठी. विमानात बसताना शपथ घेतली होती की आयुष्यात पुन्हा अळणी आमटी करणार नाही, आणि केलेली नाही.

चोवीस दिवस उरलेत. माझ्या बाजूने बोलणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. लवकर पाठव.

ईपू


१९ सप्टेंबर २०२६

ताई,

मिळालं तुझं पत्र. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच नाचले. वाटलं, पाठवलंन शेवटी. आत काय तर अर्धं पान.

तू लिहितेस: 'शपथेवर खोटं लिहिणार नाही. त्या नऊ दिवसांत तू घरात नव्हतीस. अप्पा तीन-तीन हाका मारायचे, तू फोनमध्ये. ताट वाढायचीस, पण ते जेवतात का बघायची नाहीस. मंगळवारी ते बाथरूममध्ये पडले, तू बाहेर व्हरांड्यात उभी होतीस आणि तुला ऐकू आलं नाही. ह्यांनी धावत येऊन उचललं. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, ही इथे नाहीये हो, गेली ही. गाठोड्याचं विचारतेस, तर ते गुरुवारी दुपारीच देवघरात नव्हतं. मला वाटलं, तूच येऊन नेलंस. तू सगळं न सांगताच करतेस.'

बरं. मग माझंही ऐक. चार वर्षं कोण होतं घरात? तुझी बँक, तुझा संसार, तुझ्या पोरांच्या परीक्षा. डबा आणून द्यायचीस आणि उंबऱ्यातूनच 'बरे आहेत ना?' विचारून जायचीस. डायपर कोणी बदलले? बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडली मी आणि छत्तिसाव्या वर्षी मला माणूस मिळालं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'आणि अप्पांचं?' प्रश्न बरोबरच होता. उत्तर मला द्यायचं नव्हतं, म्हणून पळाले. नऊ दिवस मी भिंतीकडे बघून काढले, कारण अप्पांकडे बघितलं असतं तर निघाले नसते. मंगळवारी मला ऐकू आलं होतं, ताई. पाय हलले नाहीत.

हे लिहून टाकल्यावर थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

तर मी तिथे नव्हते, असं तू म्हणतेस. इथे १४ तारखेपासून होते, असं फ्राऊ केस्लर म्हणतात. विमानात नव्हते, असं कंपनी म्हणते. मी नक्की कुठे होते, तेवढं कोणीतरी एकदा सांगा. मी आरशात बघते तर आहे. चिमटा काढला तर दुखतं.

तुझ्याकडे आता काही मागत नाही. अप्पांना सांग, ईपूने विचारलंय. नको, राहू दे.

ईपू


२९ सप्टेंबर २०२६

ताई,

झालं. आज सही केली. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, वाचणार असशील तर वाच.

फ्राऊ लिंडनर चांगली बाई आहे. तिने तिच्या साहेबांशी बोलून वाट काढली. १४ तारखेच्या नोंदीतले बोटांचे ठसे वाचता येत नाहीत म्हणाली. त्या बाईच्या बोटांना काहीतरी पिवळं लागलेलं होतं, काचेवर नुसते डाग उठलेत. म्हणजे ती मीच, हे यंत्राला सिद्ध करता येत नाही. तेव्हा मी लिहून द्यायचं की फोटोतली बाई मी नव्हे, माझ्या नावावर दुसरंच कोणी आलं. मग बॅगेची नोंद आणि उत्कर्षचा जबाब धरून माझा प्रवेश २३ तारखेचा मानता येईल. व्हिसा चालू, प्रवेश कायदेशीर, परवाना मिळेल.

"आणि तिचं काय?" मी विचारलं.

"ती बेकायदा आलेली ठरेल. देश सोडण्याची नोटीस निघेल. शेवटचा माहीत असलेला पत्ता तुमचाच आहे, तेव्हा पत्र तुमच्याकडे येईल. घाबरू नका, फक्त नियमापुरतं आहे."

तिने पुन्हा स्क्रीन वळवला. मी त्या फोटोकडे बघितलं. सांगू? मला तिचा राग आला. अप्पांचा आशीर्वाद घेऊन, मुहूर्तावर, कपाळाला कुंकू लावून आली होती ती. जाताना कोणाशी खोटं बोलली नव्हती. येऊन तरी केलं काय, शेजारणीच्या खुर्च्या उचलल्या आणि अळणी आमटी! इतकी शहाणी असेल तर तिने अप्पांकडेच राहायचं होतं.

"या तुम्ही आहात का?"

मी म्हटलं, "नाइन, नाही. मी हिला ओळखत नाही."

तीन ठिकाणी सह्या घेतल्या. बाहेर आल्यावर उत्कर्षने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, सुटलो. मला वाटलं होतं मी रडेन. भूक लागली होती, समोरच्या बेकरीत उभ्याने दोन ब्रेत्सेल खाल्ले.

ईपू


३० ऑक्टोबर २०२६

ताई,

परवान्याचं कार्ड आलं. तीन वर्षांचं, गुलाबीसर हिरवं, माझ्या फोटोसकट. उत्कर्षने केक आणला. मीनल आणि तिचा नवरा येऊन गेले, माझ्या हातची झणझणीत मिसळ खाल्ली, छान झाली होती. तर हे चांगलं चाललंय म्हणायचं.

बाकीचं तुलाच लिहिते, दुसरं कोणी नाही.

सह्या केल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच ती नोटीस आली. पोस्टाने इतक्या लवकर काही येत नाही इथे. पाकिटावर माझंच नाव. मी ते टेबलावर ठेवलं, ब्रेड आणायला गेले, वीस मिनिटांत परतले. पाकीट नीट फोडलेलं होतं, आतला कागद नव्हता. उत्कर्ष ऑफिसात होता.

गुरुवारी, १ ऑक्टोबरला, मी कचरा टाकायला खाली गेले तर फ्राऊ केस्लर दारात डोळे पुसत उभ्या. म्हणाल्या, "ती आत्ताच गेली. किल्ली देऊन गेली. मला मिठी मारली. म्हणाली, मला जायला सांगितलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला असं का घालवलंत? ती किती चांगली होती." त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात भेटल्या तर दार लावून घेतात.

आणि ताई, मला काहीतरी झालंय. डॉक्टरला काय सांगायचं कळत नाही. मला अप्पांचा आवाज आठवत नाही. तोंड हलताना दिसतं, आवाज नाही. आपल्या घराच्या पायऱ्या किती, सहा की सात? त्यांच्या औषधांच्या वेळा मला झोपेतही पाठ होत्या, परवा आठवून लिहायला बसले, एक नाही आठवली. आईची, ती असतानाची, तर एक साडीसुद्धा आठवत नाही. उत्कर्ष म्हणतो, नव्या जागी होतं असं. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते.

मी चुकले. मोठ्याने लिहिता येत असतं तर मोठ्याने लिहिलं असतं. एकदा, एकदाच, अप्पांना फोनवर दे. बोलू नकोस माझ्याशी, फक्त त्यांच्याकडे फोन धर. त्यांनी नुसतं 'ईपू' म्हटलं तरी चालेल. उत्कर्षचा नंबर खाली लिहिलाय. दोन दिवसांत कधीही कर, मी फोन हातातून खाली ठेवणार नाही.

तुझी,
ईपू


सांगली
२० नोव्हेंबर २०२६

बाई,

तुमचं नाव मला माहीत नाही म्हणून नुसतं 'बाई' लिहिते आहे. राग मानू नये.

तुमची पत्रं ऑगस्टपासून येत आहेत. आधीची सगळी माझ्या बहिणीचीच समजून मी वाचली, एकाला रागाने उत्तरही दिलं. त्याबद्दल तुमची क्षमा मागते. माझी बहीण ईप्सिता २ ऑक्टोबरला सकाळी घरी परत आली. पितृपक्ष चालू होता, अशा दिवसांत लांबून कोणी येत नाही म्हणून मी दारात बघतच राहिले. बरोबर सामान काही नव्हतं. पायात चप्पल नव्हती. आल्या आल्या तिने हातपाय धुतले आणि अप्पांच्या खोलीत गेली. अप्पांनी तिला नावाने हाक मारली, इतकी स्पष्ट की ह्यांना स्वयंपाकघरात ऐकू आली. आता अप्पा रोज संध्याकाळी तिचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालतात. जेवण व्यवस्थित आहे.

तुम्हाला आमच्या घरातलं एवढं बारीकसारीक कसं माहीत, याची मला आधी भीती वाटली. ईपू म्हणाली, तिकडे तिच्या नावावर कोणी बाई राहते आहे, तिने ऑफिसात लिहून दिलं म्हणून हिला निघावं लागलं. पण ती तुमच्यावर रागावलेली नाही. ती म्हणते, त्या बाईला तिथे राहायचंच होतं, राहू दे.

शेवटचं पत्र मी काल अप्पांना वाचून दाखवलं. ईपू शेजारी बसून त्यांची नखं कापत होती. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोणाची तरी पोर चुकलीय. तिच्या घरी कळवा म्हणावं, वाट बघत असतील."

पण तुमच्या घरी कोण आहे ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हालाच कळवते आहे.

कौमुदी